शेकोटीचें वर्तुळ

गेल्या पौष महिन्यांतील एका शनिवारीं संध्याकाळीं मी लोणावळ्याच्या पलीकडील एका माळावर जाऊन पोहोंचलों. आमच्या कॉलेजांतील चाळीस-पन्नास विद्यार्थी व विद्यार्थिनी यांचें दोन दिवसांचें शिबिर तेथें भरलें होतें, आणि “सर, एक रात्र तरी आमच्याबरोबर काढाच” हा त्यांचा आग्रह माझ्यानें मोडवेना. पन्नाशी उलटलेल्या माणसानें पौषांतल्या थंडींत उघड्या माळावर निजावें यांत शहाणपण कितपत होतें, हें दुसऱ्या दिवशीं माझ्या गुडघ्यांनीं मला सांगितलेंच. परंतु त्या रात्रीं जें एक लहानसें दृश्य मीं पाहिलें, त्यानें मला इतिहासाच्या बऱ्याच दूरच्या वाटेनें चालावयास लावलें. आणि त्या वाटेवर जें हातीं आलें तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

दृश्य तसें साधेंच होतें. जेवणें आटोपल्यावर शेकोटी पेटविण्यांत आली आणि मुलें तिच्याभोंवतीं दाटीवाटीनें बसलीं. भांडीं घासण्याची पाळी ज्यांच्यावर आली होती तीं सहा-सात मुलें मागाहून आलीं, तों वर्तुळ भरून गेलें होतें. तीं क्षणभर अंधारांत उभीं राहिलीं. इतक्यांत एक मुलगी मोठ्यानें म्हणाली, “सगळे एकेक पाऊल मागें सरका!” सगळे सरकले, वर्तुळ मोठें झालें, आणि मागाहून आलेलीं मुलें त्यांत बसलीं. मात्र सरकतांना प्रत्येकजण विस्तवापासून तेवढा दूर गेला व प्रत्येकाच्या वाट्याची ऊब तेवढी कमी झाली. कोणीं कुरकुर केली नाहीं. माझ्या शेजारच्या मुलानें आपल्या शालीचें टोंक गळ्याभोंवतीं गुंडाळून घेतलें, एवढेंच.

वर्तुळांत माणसें वाढवावयाचीं असतील तर त्याची त्रिज्या वाढवावी लागते, हा भूमितींतला अगदीं प्राथमिक सिद्धांत आहे. परंतु शेकोटीच्या वर्तुळांत ही त्रिज्या बसलेल्यांच्या सुखांतून काढावी लागते. मुलांच्या शिबिरांचा जो शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, तो मला त्या रात्रीपासून या एकाच प्रश्नाचा इतिहास वाटूं लागला आहे: मागें कोण सरकलें, केव्हां सरकलें, आणि कोण बराच काळ अंधारांत उभें राहिलें?

छावणी, तळ, गोट, मुक्काम, शिबिर असे कितीतरी शब्द आपल्या भाषेंत आहेत, आणि ते बहुतेक सर्व फौजेच्या सोबतीनें वाढले आहेत. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यांत छावणीला बसत आणि दसऱ्याचें सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघत. म्हणजे हिंवाळा हा शिबिराचाच ऋतु. परंतु थंडींतील मुक्काम म्हटला कीं मराठी माणसाच्या मनांत प्रथम उभें राहतें तें पानिपत. इ. स. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, सुमारें अडीच महिने, भाऊसाहेबांचा तळ तेथें अडकून पडला होता. रसद तुटलेली, उत्तरेकडची थंडी हाडांत शिरणारी, आणि लढणाऱ्यांच्या बरोबर न लढणाऱ्यांचाही मोठा परिवार. त्या तळावर विश्वासराव होता. त्याचें वय अवघें अठरा वर्षांचें, म्हणजे आमच्या कॉलेजांतल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाएवढें. तरुण मुलांनीं थंडींत उघड्यावर राहावयाचें तें मारण्यासाठीं किंवा मरण्यासाठीं, अशीच जगांतील बहुतेक समाजांची शेंकडों वर्षांची समजूत होती. तरुणांचें शिबिर हें शिक्षणाचें साधन आहे, तेथें शत्रूची गरज नाहीं, ही कल्पना त्या मानानें फार अलीकडची आहे. आणि गंमत अशी कीं ती सर्वदूर पसरविण्याचें काम एका शिपाईगड्यानेंच केलें.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म १८५७ सालचा. १८७६ सालीं ते तेराव्या हुसार पलटणींतील तरुण अधिकारी म्हणून हिंदुस्थानांत आले. पुढें १८९७ पासून दोन वर्षें मीरत येथें पांचव्या ड्रॅगून गार्ड्‌स पलटणीचे ते मुख्य होते. टेहळणीची विद्या शिपायांना कवाइतीनें येत नाहीं. लहान तुकड्या करून, जबाबदारी अंगावर टाकून, डोळे उघडे ठेवावयास शिकविलें तरच येते, असा त्यांचा अनुभव होता. या विषयावर शिपायांसाठीं त्यांनीं लिहिलेलें छोटें पुस्तक १८९९ सालीं निघालें. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध पेटलें आणि मॅफेकिंग या गांवाला शत्रूनें वेढा दिला. २१७ दिवस चाललेल्या या वेढ्यांत गांवांतील गोऱ्या मुलांचें एक पथक निरोप पोहोंचविणें, पहाऱ्यावर बसणें अशीं कामें करीत असे. मोठ्यांनीं विश्वास टाकला तर मुलें तो सार्थ करतात, हा धडा बेडन-पॉवेल यांनीं तेथून घेतला. वेढा उठल्यावर इंग्लंडांत त्यांच्या नांवाचा जयजयकार झाला. तथापि त्याच वेढ्यांत गांवांतल्या आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला जी उपासमार आली तिच्याविषयीं इतिहासकारांनीं पुढें कठोर प्रश्न विचारले आहेत, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे. आपल्या कथेंतील वर्तुळ पहिल्यापासूनच पुरतें गोल नव्हतें.

इंग्लंडास परतल्यावर त्यांना दिसलें कीं, शिपायांसाठीं लिहिलेलें आपलें पुस्तक शाळांतून मुलेंच वाचीत आहेत. तेव्हां १९०७ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी नांवाच्या बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांचें एक शिबिर भरविलें. दिवस उन्हाळ्याचे होते. थंडीची परीक्षा त्या शिबिरास द्यावी लागली नाहीं. मुलांचे लांडगा, कावळा, बैल व कुरल पक्षी अशा नांवांचे चार संघ केले होते. दिवसा माग काढणें, गांठी मारणें, होडी चालविणें. संध्याकाळीं शेकोटीजवळ गोष्टी. सकाळीं मुलांना उठविण्यासाठीं कुडू जातीच्या हरणाचें एक लांब शिंग फुंकीत; तें मात्र आफ्रिकेंतील मातेबेले लोकांविरुद्धच्या मोहिमेंतून आणलेलें होतें. मुलांच्या खेळाच्या पहांटेला युद्धाचाच सूर होता म्हणावयाचा!

परंतु या शिबिरांतील एक तपशील मला त्या शिंगापेक्षां महत्त्वाचा वाटतो. आलेलीं निम्मीं मुलें ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंतांच्या शाळांतलीं होतीं व बाकीचीं आसपासच्या गांवांतील सामान्य घरांतलीं. त्या काळच्या इंग्लंडांत हीं दोन जातींचीं मुलें एका पंक्तीला बसण्याचा प्रसंग सहसा येत नसे. बेडन-पॉवेल यांनीं त्यांना निरनिराळ्या संघांत न ठेवतां प्रत्येक संघांत मिसळून टाकलें. आणि वर्गणी? श्रीमंत शाळेच्या मुलाकडून एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग. गांवच्या मुलाकडून साडेतीन शिलिंग. अन्न तेंच, तंबू तोच, काम तेंच. पैसा मात्र ऐपतीप्रमाणें. पांचपटींहून अधिक असलेला हा फरक कोणाच्या छातीवर बिल्ल्यासारखा लावलेला नव्हता. माझ्या मतें या चळवळीचा खरा पाया शिंगाच्या आवाजांत घातला गेला नसून या वर्गणीच्या हिशेबांत घातला गेला. वर्तुळांतील सुखवस्तु माणसांनीं येथें न बोलतां एक पाऊल मागें घेतलें होतें.

१९०८ च्या जानेवारीपासून बेडन-पॉवेल यांचें मुलांसाठीं लिहिलेलें पुस्तक सहा पाक्षिक भागांनीं प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांतील पाठांना त्यांनीं शेकोटीजवळच्या गोष्टी असेंच नांव दिलें आहे. पुस्तक निघालें आणि कोणाच्या परवानगीची वाट न पाहतां गल्लोगल्लीं मुलांनीं आपापले संघ बनविले. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १९०९ मध्यें, लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें बालवीरांचा मोठा मेळावा भरला. तेथें कांहीं मुली बालवीरांचा वेष करून, कोणीं न बोलावतां, येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हांलाही घ्या म्हणूं लागल्या. अंधारांतून आलेली ही पहिली हांक. तिचें उत्तर अर्धेंमुर्धें मिळालें: वर्तुळ मोठें करण्याऐवजीं शेजारीं दुसरी शेकोटी पेटविण्यांत आली. १९१० सालीं मुलींची स्वतंत्र संघटना निघाली व तिची धुरा बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांजकडे आली.

याच वेळीं ही चळवळ हिंदुस्थानांत उतरली. १९०९ सालीं कॅप्टन बेकर यांनीं बंगळूर येथें पहिलें पथक काढून लंडनच्या कचेरींत त्याची नोंद केली. १९१० व १९११ या दोन वर्षांत खडकी, सिमला, मद्रास, जबलपूर आणि लोणावळें येथें पथकें निघालीं. जबलपूर येथें १९११ सालीं मुलींचेंही पहिलें पथक निघालें. ज्या माळावर मी पौषांतली रात्र काढली त्याच्या जवळच, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं, पहिल्या बालवीरांच्या शेकोट्या पेटल्या होत्या हें कळल्यावर मला प्रथम आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाहीं. कारण हीं सर्व पथकें केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांकरितां होतीं. एतद्देशीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता.

बालवीरांच्या नियमांत असा एक नियम पहिल्यापासून होता कीं, कोणताही बालवीर दुसऱ्या बालवीराचा भाऊ होय, मग तो कोणत्या का वर्गांतला असेना. नियम सुंदर आहे. त्यांतून निसटण्याची वाट एकच: ज्याला भाऊ मानावयाचें नसेल त्याला बालवीरच होऊं द्यावयाचें नाहीं. सत्तेनें ती वाट धरली. दहा-बारा वर्षांच्या हिंदी मुलाच्या हातीं काठी व शिट्टी देऊन त्याला माग काढावयास शिकविणें हें त्या काळच्या राज्यकर्त्यांना धोक्याचें वाटलें असल्यास नवल नाहीं. माग काढावयास शिकलेला मुलगा उद्यां कोणाचा माग काढील याचा नेम काय? परंतु या निषेधांत एक विलक्षण विसंगति होती. १९१६ सालीं बेडन-पॉवेल यांनीं धाकट्या मुलांसाठीं जी शाखा काढली, तिचें सर्व रूपक किपलिंग यांच्या १८९४ सालच्या जंगल बुक या पुस्तकांतून घेतलेलें आहे. त्या कथांतला लांडग्यांचा कळप सिवनीच्या डोंगरांत, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्यांत राहातो. अकेला, बघीरा हीं नांवें आपल्याकडचीं. इंग्लंडच्या गल्लींतला पोर सिवनीचा लांडगा होऊन हुंकार घालूं लागला. आणि खुद्द सिवनीचा मुलगा मात्र बाहेर!

आमच्या पुढाऱ्यांनीं दारावर धक्के मारीत बसण्यापेक्षां आपली शेकोटी आपण पेटविली. १९१३ सालीं शहाजहानपूर येथें श्रीराम वाजपेयी यांनीं एतद्देशीय मुलांचें पथक काढलें. १९१७ सालीं मद्रासेस डॉ. ॲनी बेझंट यांनीं जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्यानें हिंदी मुलांसाठीं स्वतंत्र संघटना स्थापिली. उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय व पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखालीं प्रयागच्या सेवासमितीनें हें काम हातीं घेतलें. कुंझरू हे गोपाळराव गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद. त्यामुळें या शेकोटीची एक ठिणगी पुण्यांतून गेली होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९१८ सालीं प्रयागास कुंभमेळा भरला. माघाचे दिवस, गंगेच्या वाळवंटांतील बोचरा वारा, आणि लाखों यात्रेकरू. सेवासमितीच्या तरुण स्वयंसेवकांनीं त्या गर्दींत कामें केलीं. हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या मंडळींपर्यंत पोहोंचविणें, आजाऱ्यांना उचलून नेणें, घाटावरची वाट मोकळी ठेवणें, हीं असल्या मेळ्यांतील सेवेचीं कामें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना त्यांचें मोल सांगावयास नको. या सेवेंतूनच समितीच्या बालवीर संघटनेला आकार आला. ब्राउन्सीच्या बेटावर जें शिबिर झालें तो ऑगस्टांतला खेळ होता. प्रयागच्या वाळवंटांत जें घडलें ती थंडीची खरी परीक्षा होती. कवाईत, गांठी आणि खुणा यांची विद्या दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठीं असते, ही गोष्ट आमच्या मुलांना कोणा लाटसाहेबानें शिकविली नाहीं.

१९२१ च्या प्रारंभीं बेडन-पॉवेल स्वतः हिंदुस्थानांत आले. एव्हांना वर्तुळ रुंदावण्यावांचून गत्यंतर उरलें नव्हतें. बेझंटबाईंची संघटना मुख्य संघटनेंत सामील झाली व हिंदी मुलांना दार उघडलें. सेवासमिती मात्र बाहेरच राहिली. तिचा आक्षेप प्रतिज्ञेंतील एका शब्दाला होता. ईश्वर आणि राजा यांच्याविषयींचें कर्तव्य मी पाळीन, अशी ती प्रतिज्ञा. ईश्वराविषयीं वाद नव्हता. वाद होता तो राजाविषयीं. बालवीरानें आपल्या शब्दाला जागावें, हा तर पहिलाच नियम. मग जी निष्ठा मनांत नाहीं ती शेकोटीसमोर हात वर करून बोलावयाची कशी? सत्याचा नियम पाळावा तर प्रतिज्ञा घेतां येत नाहीं, आणि प्रतिज्ञा घ्यावी तर सत्याचा नियम मोडतो, अशा पेंचांत या देशांतले कितीतरी प्रामाणिक शिक्षक सांपडले असतील. कांहींजण आंत राहून काम करीत राहिले. नागपूरचे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं बालवीरांसाठीं केलेलें काम या संदर्भांत आदरानें आठवलें पाहिजे. कांहींजण बाहेर राहून. दोघांच्याही निष्ठेविषयीं शंका घेण्याचें आज आपणांस कारण नाहीं.

फेब्रुवारी १९३७ मध्यें दिल्लीच्या थंडींत पहिला अखिल भारतीय बालवीर मेळावा भरला. ऐंशी वर्षांचे होऊं घातलेले बेडन-पॉवेल त्यासाठीं पुन्हां या देशांत आले. पुन्हां एकीकरणाच्या वाटाघाटी झाल्या, आणि प्रतिज्ञेच्या त्याच शब्दाला अडखळून त्या फिसकटल्या. एवढेंच नव्हे, तर १९३८ सालीं मुख्य संघटनेंतून अनेक मंडळी बाहेर पडली व त्यांनीं सेवासमितीशीं मिळून हिंदुस्थान स्काऊट संघटना उभारली. एका देशांत, एकाच थंडींत, मुलांच्या दोन शेकोट्या एकमेकींकडे पाठ करून जळत राहिल्या.

राजा गेला तेव्हां तो शब्दही गेला. वाटेल कीं मग एकीकरण चुटकीसरशीं झालें असेल. पण तसें झालें नाहीं. त्यास तीन वर्षें लागलीं. ज्या संघटना एका पिढीहून अधिक काळ वेगवेगळ्या वाढल्या, त्यांचे ध्वज, वेष, कचेऱ्या, मानकरी सारेंच वेगळें झालेलें असतें, आणि तें सोडावयाचें तर प्रत्येकाला दुसऱ्यानें आधीं सोडावें असें वाटत असतें. शिक्षणमंत्री मौलाना आझाद, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, मध्यप्रांताचे तत्कालीन राज्यपाल मंगळदास पक्वासा, शिक्षणसचिव डॉ. ताराचंद, आणि दोन्ही बाजूंचे जुने कार्यकर्ते कुंझरू, वाजपेयी व बोस यांच्या प्रयत्नांनीं अखेर ७ नोव्हेंबर १९५० या दिवशीं दोन्ही संघटनांनीं आपापलीं नांवें विसर्जित केलीं व भारत स्काऊट्‌स आणि गाईड्‌स ही एक संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजीं मुलींची संघटनाही तींत येऊन मिळाली. १९०९ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या अंगणांत ज्या मुली न बोलावतां आल्या होत्या, त्यांच्या मागणीचें पुरें उत्तर या देशानें बेचाळीस वर्षांनीं दिलें. पुढें १९५६ सालीं या संस्थेचें राष्ट्रीय शिक्षणकेंद्र सातपुड्यांतल्या पचमढीस उघडलें. सिवनीचा लांडगा आपल्या डोंगरांत परत आला.

येथें लेखणी खालीं ठेवणें सोयीचें झालें असतें. परकी सत्तेनें दार लावलें, आपण तें उघडलें, अशी ही कथा स्वदेशाभिमानाला सुखावणारी आहे. परंतु इतिहासाच्या शिक्षकानें दुसऱ्यांना जो प्रश्न विचारला तो स्वतःला विचारण्याचें टाळलें, तर तो इतिहास शिकला नाहीं असेंच म्हणावें लागेल. म्हणून माझी स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे.

१९८३ सालच्या डिसेंबरांत आमच्या शाळेच्या बालवीर पथकाचें शनिवार-रविवारचें शिबिर मावळांत भरलें होतें. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मी त्या वेळीं आठवींत होतों व लांडगा संघाचा संघनायक होतों. माझ्या संघांत एक मुलगा होता. त्याची आई चार घरीं धुणीं-भांडीं करी. त्याचा गणवेष अपुरा होता. सदरा वेगळ्याच रंगाचा, टोपी नाहीं, आणि अंथरुणाच्या वळकटीऐवजीं खांद्यावर एक काळी घोंगडी. रात्रीं शेकोटीला कोणी बडे पाहुणे यावयाचे होते. त्यापूर्वीं तपासणी झाली आणि त्याला सांगण्यांत आलें कीं, तूं पुढें न बसतां कोठीवर लक्ष ठेव, कुत्रीं फार आहेत. कुत्रीं होतीं हें खरें. पण त्यासाठीं तोच कां निवडला गेला हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें. संघनायक म्हणून मला एक शब्द बोलतां आला असता. बालवीर हा प्रत्येक बालवीराचा भाऊ असतो, हा नियम त्याच सकाळीं मीं खणखणीत आवाजांत म्हणून दाखविला होता. मी बोललों नाहीं. माझ्या छातीवर संघनायकाच्या पट्ट्या होत्या, आणि त्या मला फार आवडत होत्या.

शेकोटी मोठी झाली, पाहुण्यांनीं वाखाणणी केली, आणि आम्ही राहुटींत जाऊन निजलों. मध्यरात्रीनंतर थंडीनें मला जाग आली. दोन पांघरुणें होतीं तरी दांत वाजत होते. दुसरींही मुलें कुडकुडत उठून बसलीं होतीं. तो मुलगा आंत आला. मला चांचपून पाहून हलक्या आवाजांत म्हणाला, “आरं, थंडी वरनं नाय येत, भुईतनं येती.” संध्याकाळीं कोठीवर बसल्या बसल्या त्यानें शेजारच्या शेतकऱ्याला विचारून भाताच्या पेंढ्याचे चार भारे आणून ठेवले होते. ते त्यानें राहुटींत पसरले, आमचीं एक-एक पांघरुणें काढून त्यावर अंथरलीं, आणि सहा जणांवर मिळून आडवी आपली घोंगडी टाकली. तो स्वतः कडेला निजला. सकाळीं उठून आम्हीं त्याविषयीं एक अक्षरही काढलें नाहीं.

अंगावर जेवढें घ्यावयाचें तेवढेंच अंगाखालीं घ्यावें, हा शिबिरविद्येचा पहिला धडा आहे. पुस्तक आम्ही पाठ केलें होतें. विद्या त्याच्याजवळ होती. ज्याला आम्हीं वर्तुळाच्या बाहेर बसविलें, त्यानेंच आम्हांला त्या रात्रीं ऊब दिली. दहावीच्या वर्गांत तो नव्हता. तो कोठें गेला याची मीं त्या वेळीं चौकशी केली नाहीं, आणि पुढें केली तेव्हां सांगणारें कोणी उरलें नव्हतें. प्रतिज्ञेंत राजाचें नांव असावें कीं नसावें यावर थोर माणसें तीस वर्षें झगडलीं. तें नांव गेल्यानंतर तेहतीस वर्षांनीं, स्वतंत्र भारतांतल्या एका शेकोटीभोंवतीं, एका अपुऱ्या सदऱ्याला जागा नव्हती. तें दार कोणा लाटसाहेबानें लावलें नव्हतें. त्याची कडी माझ्याही हातांत होती.

आतां पुन्हां लोणावळ्याच्या माळाकडे येतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे दंव इतकें पडलें होतें कीं तंबूचें कापड ओल्या घोंगडीसारखें जड झालें होतें. शेकोटीच्या राखेंत अजून धग होती. दोघांनीं ती फुंकून चहाचें आधण ठेवलें. शिबिराची व्यवस्था पाहणारा विद्यार्थी हिशेबाची वही घेऊन माझ्याशेजारीं बसला. वर्गणी सर्वांना सारखीच होती, हिशेब चोख होता, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. मीं त्याला विचारलें, “वर्गणीमुळें कोणकोण आलें नाहीं?” त्यानें वहीचीं पानें उलटलीं. जे आले त्यांचीं नांवें होतीं. जे आले नाहींत त्यांची यादी कोणींच ठेवली नव्हती. इतिहासाचीं बहुतेक दप्तरें अशींच असतात.

मग चहा पितां पितां मीं मुलांना ब्राउन्सीच्या वीस शिलिंगांची व साडेतीन शिलिंगांची हकीकत सांगितली. बराच वाद झाला. कोणी म्हणालें, वेगळी वर्गणी घेतली तर गरीब मुलांना ओशाळें वाटेल; कोणी म्हणालें, कोणीं किती दिले हें कोणाला कळूंच देऊं नये म्हणजे झालें. रात्रीं “मागें सरका” म्हणून ओरडलेली मुलगी आतांपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “सर, रात्रीं उभे होते ते आम्हांला दिसले, म्हणून सरकलों. जे माळावर आलेच नाहींत, त्यांच्यासाठीं सरकावयाचें तर तें वर्गणी ठरवतांनाच सरकलें पाहिजे.”

पुढच्या पौषाच्या शिबिराची वर्गणी कशी ठरवावयाची, यासाठीं तिघांची एक समिति तेथेंच नेमण्यांत आली. माझ्याकडे पैशाखेरीज आणखी एक काम देण्यांत आलें आहे. भाताचा पेंढा कोठें मिळतो याची चौकशी मीं करावयाची आहे.